अराफेलचे साठ नॅपकिन

सोलापूर, मंगळवार

ती. चेतनाताईस,

वरदचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? टेंभुर्णीचे डॉक्टर चालायला सांगतात आणि भाऊजी चालू देत नाहीत, असं आईकडून कळलं. इकडे बाळ, भार्गवी आणि आई खुशाल आहेत. माझं पुढे लिहितो. (फोनच करणार होतो, पण आईला कमी ऐकू येतं म्हणून ती प्रत्येक फोन स्पीकरवर लावायला सांगते, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही.)

येत्या रविवारी बारसं. नाव मी शोधलं, हे आधीच कबूल करतो. वर्गात दुसऱ्या कुणाचं नसावं, एवढीच अट होती. मोबाईलवरच्या एका यादीत ‘अराफेल’ सापडलं. हिब्रू, अर्थ ‘ईश्वरी तेज’. भार्गवी लगेच हो म्हणाली. लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्या कुठल्याही सूचनेला ती लगेच हो म्हणालेली नाही (पडद्यांचा रंग ठरायला चौदा महिने लागले). तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी आनंदात कारखान्यात गेलो आणि पाहुण्यांना वाटायला साठ नॅपकिन विणायला सांगितले, काठावर नाव घालून. पेढा त्याच दिवशी संपतो. आपल्याकडचा नॅपकिन दहा वर्षं टिकतो.

शुक्रवारी ठाण्याहून नागावकर हॉटेलच्या चादरी बघायला आले. ते बेने इस्राएल. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. त्यांनी गठ्ठ्यातला एक नॅपकिन उचलला, नाव वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. याचा अर्थ अंधार, म्हणाले. मी विचारलं, थोडासा? तर नाही, दाट. ढग खाली उतरून काहीच दिसेनासं व्हावं तसा. त्यांच्या धर्मग्रंथात देव त्या अंधारात होता, असंही त्यांनी सांगितलं, पण तोवर माझं लक्ष गठ्ठ्याकडे गेलं होतं. ते विणणारे आमचे रेवणप्पा शेजारीच उभे होते. म्हणाले, ‘‘अंधार तर अंधार, साहेब. विणलंय मात्र लई झ्याक.’’

दोन दिवस मी नाव बदलायची कारणं शोधली. राशीचं अक्षर वेगळं आहे, शाळेत मुलं चिडवतील, आईला उच्चारता येणार नाही. भार्गवीनं एकेक कारण खोडून काढलं. (आईला येतं. ती ‘तेज’ हा अर्थ शेजारच्या हेमावतींना सांगूनही आली आहे.) शेवटी काल भार्गवीला खरं सांगितलं. ती लंगोटांच्या घड्या घालत होती.

‘‘मला माहितीय की,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही सांगितलं त्याच दिवशी बघितलं.’’

मग तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. बाळ झालं तेव्हा भर दुपारी लाईट गेली होती. त्या खोलीला खिडकी नाही. जनरेटर सुरू होईपर्यंत चार मिनिटं काही दिसत नव्हतं, आणि तेवढ्यात कुणीतरी बाळ तिच्या छातीवर ठेवलं. ‘‘लाईट आली आणि तो सगळ्यांचा झाला. मुलगा की मुलगी, गोरा की सावळा, नाक कुणाचं. त्याआधी मला नुसता त्याचा श्वास कळत होता.’’ त्या वेळी मी बाहेर वायरमनशी भांडत होतो (लिहायला लाज वाटते).

तेव्हा नाव तेच. आईला अर्थ मी हळूहळू सांगेन. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
वरद

ता. क. मुख्य काम राहिलं. आत्या तू, बाळाच्या कानात नाव तू सांगणार. कुर्रर्र केल्यावर आधी हळूच ‘एकनाथ’ म्हण, आपल्या दादांचं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘अराफेल’. भार्गवीचं मला पटलंय, तरी एक नाव राखीव असलेलं बरं. तिला कळू देऊ नकोस.

ता. ता. क. पाकीट बंद करायच्या आत भार्गवीनं पत्र वाचलं. ती म्हणते, तिनं अर्थ बघितला त्याच दिवशी तुला फोन करून सगळं सांगितलंय, आणि कानात फक्त अराफेल म्हणायचं तू कबूलही केलंयस. असं असेल तर परवा फोनवर ‘वरद, अर्थ काय म्हणालास?’ हे तू मला तीनदा कशाला विचारलंस? आणि मी प्रत्येक वेळी तेज म्हटल्यावर मागे भाऊजी कशाला खोकत होते?