व्याह्यांच्या नाण्याला पडलेली खाच

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो उभ्याउभ्याच घातला आहे, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला की फक्त डॉक्टर बदलला? आमच्याकडे सगळं ठीक आहे. मी तेवढा ठीक नाही असं हिचं म्हणणं आहे, पण ते तू आमचं लग्न झाल्यापासून ऐकतेच आहेस.

तू सोपवलेली कामगिरी आटोपून काल परत आलो. ती फत्ते झाली की फसली हे पत्र वाचून तूच ठरव, मला अजून नीटसं उमगलेलं नाही. तुझ्या लेकीने, आपल्या भिंगरीने, ऑफिसातला मुलगा पसंत केला, मुलगा गुणी, त्याची आई प्रेमळ, आणि सगळं अडलं ते त्याच्या वडिलांपाशी. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. लग्नाचा विषय निघाला की उठून नाण्यांच्या खोलीत जाऊन बसे. हे कळताच तू मला लिहिलंस, 'तूही नाणी जमवतोस, तूच जा.' अगं ताई, मी बिस्किटांच्या डब्यात परदेशी चिल्लर ठेवतो. त्याला नाणी जमवणं म्हणायचं, तर भावोजी न्हाणीघरात जे करतात त्याला गाणं म्हणावं लागेल. पण तुझा शब्द मोडायची आपल्या घरात कुणाची छाती आहे? भिंगरीला बरोबर घेतलं आणि गेलो.

दारातच माझ्या हातात पांढरे सुती हातमोजे आणि तोंडाला बांधायचा रुमाल आला. मला वाटलं घरात कुणाला तरी साथीचा ताप आहे. विहीणबाईंनी (होऊ घातलेल्या, पण स्वभावाने इतक्या मोकळ्या की मी आत्तापासूनच तसं म्हणतो) हळूच सांगितलं की श्वासाच्या दमटपणाने चांदी काळवंडते. त्या खोलीत चहा नेत नाहीत, कारण वाफ. पंखा लावत नाहीत, कारण धूळ. खिडकी उघडत नाहीत, कारण दोन्ही. खुद्द विहीणबाईंना तिथे मज्जाव आहे, कारण लग्नानंतर एकदा नवऱ्याला खूश करायला त्यांनी सगळी नाणी घासूनपुसून लख्ख केली होती. आता आपण पातेलं घासलं तर त्याची किंमत वाढत नसेल, पण कमी तर होत नाही ना? नाण्याचं तसं नसतं. घासलेल्या नाण्याला या मंडळींत कुणी विचारत नाही. वर्षानुवर्षं साचलेल्या मळाला मळ म्हणायचं नसतं, झाक म्हणायचं असतं. त्या घासाघाशीनंतर व्याही कितीतरी महिने बायकोशी फक्त शेजाऱ्यांमार्फत बोलत होते.

आम्ही दोघे आत बसलो, भिंगरी दाराशी स्टुलावर. (हातमोज्यांची जोडी एकच जादा होती.) व्याह्यांनी एकेक कप्पा ओढायला सुरुवात केली. एका नाण्यावर राजाला दोन नाकं होती, कारण टाकसाळीत ठसा दोनदा बसला होता. एका नाण्यावर शिक्का इतका सरकलेला की राणीचं अर्धं डोकं नाण्याबाहेर राहिलं होतं. चूक जितकी ढळढळीत, तितका भाव जास्त. मी उभा जन्म हिशेब खात्यात काढला, पण माझ्या चुकांना असा भाव कधी आला नाही, उलट त्यांच्यापायी दोन बढत्या हुकल्या.

मग प्रतवारी आली. नाण्याची प्रत आपली आपण ठरवायची नसते म्हणे. पैसे भरून ते एका कंपनीकडे पाठवायचं, तिथले तज्ज्ञ भिंगातून बघून सत्तरपैकी गुण देतात आणि नाणं प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. पुढे कुणी नाणं बघत नाही, सगळे डबीवरची चिठ्ठी बघतात. व्याह्यांनी एकच नाणं डबी फोडून पुन्हापुन्हा पाठवलं होतं आणि दर वेळी गुण निराळे आले होते. मी विचारलं, "मग खरे गुण कोणते?"

"जास्त असतील ते," व्याही म्हणाले.

जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मला काही बोलावंसं वाटलं, पण माझ्या तोंडाला रुमाल होता.

मात्र विषय काढायला हीच वेळ बरी असं वाटून मी खाकरलो आणि म्हणालो, "आमची भाची म्हणजे अगदी व्हेरी गुड मुलगी आहे बरं का."

व्याह्यांचा चेहरा पडला. "इतकी?" ते म्हणाले.

मला वाटलं जरा जास्तच कौतुक झालं, म्हणून आवरतं घेतलं. "बरं, निदान फाइन तर नक्कीच."

"फाइन म्हणजे निम्मी नक्षी गेलीच की हो."

मग उलगडा झाला. यांच्या भाषेत गुड म्हणजे जेमतेम ओळखू येण्याइतकं झिजलेलं, आणि व्हेरी गुड म्हणजे त्याहून थोडंसंच बरं. मी मुलीच्या सासऱ्यापुढे आपल्या हाताने पोरीची प्रत पाडत होतो. मी घाईघाईने सांगितलं की नाण्यांच्या भाषेत बोललो नाही. ते म्हणाले, या खोलीत दुसरी भाषा नाही. दाराशी भिंगरीने विचारलं, "आणि आमचा मामा कोणत्या प्रतीचा?" व्याह्यांनी माझ्याकडे भिंगातून पाहिलं (खरोखर पाहिलं) आणि म्हणाले, "प्रत नंतर बघू. आधी अस्सल आहेत का ते ठरवावं लागेल."

शेवटी त्यांनी आपला जीव की प्राण काढला. चांदीचं एक नाणं, टाकसाळीतून निघालं ते पाकिटात आणि पाकिटातून कपाटात. या नाण्याने आजवर कुणाची भाजीसुद्धा घेतलेली नाही, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. ते तपासणीला पाठवायचं होतं म्हणून डबीविना मखमलीवर ठेवलं होतं. त्यांनी दिव्याचं भिंग त्यावर धरलं, आणि नेमका दिवा विझला. सेल संपले होते. नवे सेल कपाटातून काढले, पण मागचं पितळी झाकण काही केल्या फिरेना. आम्ही हातमोज्यांनिशी आळीपाळीने झटलो. तेवढ्यात भिंगरी उठली, माझ्या हातातून दिवा घेतला, मखमलीवरचं नाणं उचललं, झाकणाच्या खाचेत घातलं आणि कचकन फिरवलं. झाकण निघालं. तिने सेल बदलले, दिवा लावला, नाणं जागेवर ठेवलं आणि दिवा त्यांच्या हातात दिला.

भिंगरीने आमची तोंडं पाहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "झाकणाला खाच नाण्यासाठीच असते, म्हणून हात गेला."

व्याह्यांनी नव्या उजेडात नाण्याची कड पाहिली. तिथे तांदळाएवढी खाच पडली होती. माझ्या डोळ्यांपुढे भिंगरीचं मोडलेलं लग्न आणि तुझा चेहरा आळीपाळीने येत होता. (तुझा जास्त वेळा.) तेवढ्यात विहीणबाई आत आल्या, विनाहातमोज्याच्या, हातात वाफाळता चहा घेऊन. त्या भिंगरीशेजारी बसल्या आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, "या खोलीतलं एक तरी नाणं कामाला आलं."

"चहा आत आणलास?" व्याही म्हणाले.

"आणला," बाई म्हणाल्या आणि घोट घेतला.

व्याही बायकोकडे बराच वेळ बघत राहिले. बाईंना हसताना त्यांनी खूप दिवसांत पाहिलं नसावं. मग भिंगरीकडे वळून त्यांनी विचारलं, "उचललंस कसं? तोंडावर बोट ठेवून, की कडेने?"

"कडेने," भिंगरी म्हणाली.

"हं," व्याही म्हणाले. "आमच्या चिरंजीवांना अजून जमत नाही." आणि रुमाल सोडून त्यांनी बायकोच्या हातातला कप घेतला.

तर ताई, जमलं आहे असं समज. भावोजींना नमस्कार सांग, गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : लग्नाला व्याह्यांची एकच अट आहे, तसंच दुसरं नाणं मिळायला हवं. मी म्हटलं, ताईकडे आहे. तुझ्या स्वयंपाकघरातलं कपाट डुगडुगायचं म्हणून बाबांनी त्याच्या मागच्या पायाखाली जे नाणं सरकवलं होतं, ते मला पक्कं आठवतं, तेच असावं. तेव्हा भावोजींना कपाट उचलायला लाव आणि नाणं परतीच्या टपालाने पाठव. तुझा स्वभाव जाणून लिहितो, ते घासू नकोस. पुसूसुद्धा नकोस.

ता. क. दुसरा : कपाट पुन्हा डुगडुगेल म्हणून मी तिकडे बरोबर नेलेला बिस्किटांचा डबा वेगळ्या पार्सलने धाडला आहे. व्याह्यांनी त्यातलं एकेक नाणं भिंगाखाली तपासलं आणि सांगितलं की नीट निवडून रचली, तर पायाखाली छान बसतील.