येतो, ओव्हर

सोमवार, २ तारीख

लेकीने ही वही हातात ठेवली तेव्हा मी हसलो होतो. म्हणाली, बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही, निदान लिहीत तरी जा. आज नोकरीचा पहिलाच दिवस इतका झकास गेला की मुकाट्याने लिहायला बसलोय.

काम साधं आहे. उघड्या माळावरून पाण्याची मोठी पाइपलाइन गेली आहे. पिकअप घेऊन तिच्या कडेकडेने जायचं, एकेक व्हॉल्व्ह बघायचा आणि कुठे गळती असेल तर वायरलेसवरून ऑफिसला सांगायचं. माळावर मोबाइल म्हणजे नुसतं खेळणं. साहेबांनी वायरलेसचे दोन कोरे सेट दाखवले आणि बसवायला पुढच्या आठवड्यात फिटर येईल म्हणाले. मी म्हटलं, सगळा जन्म गाड्यांच्या पोटात हात घालण्यात गेलाय, फिटर कशाला?

एक सेट ऑफिसात वायरलेसवाल्या काकांच्या टेबलावर बसवला, दुसरा गाडीत. करंट थेट बॅटरीवरून घेतला, मध्ये फ्यूज टाकला. लायटरच्या भोकातून करंट घेणारे शहाणे मी पाहिलेत. मग बोलताना इंजिनाची घरघर ऐकू येते आणि बिचारे सेटला शिव्या देतात. एरियलसाठी टपाला भोक पाडायला गेलो, तर मधोमध आधीच एक भोक होतं, डांबराने बुजवलेलं. डॅशबोर्डखाली जुन्या वायरींची टोकंही निघाली. ती कापलेली नव्हती, ओढून तोडलेली होती. कुणीतरी रागाच्या भरात सेट उपटला असावा. मला काय, आयतं भोक मिळालं.

मंगळवार, ३

लाइनीच्या पार टोकाला टाकी आहे, तिच्या शेजारची खोली माझी. खाट, टेबल, स्टोव्ह, एक खिडकी. खिडकीतून टाकी दिसते, टाकीपलीकडे रस्त्याचं वळण, आणि त्यापलीकडे काहीच नाही.

काकांनी वायरलेसचे नियम पढवले. आपलं बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, म्हणजे समोरचा बोलेल. संध्याकाळी दोघांनी ‘संपलं’ म्हणायचं आणि सेट बंद करायचे. वायरलेसवर घरगुती बोलायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. काका पेन्शनीला आलेत, पण आवाज ठाण्यातल्या हवालदारासारखा.

आता मी वाढलो तो ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, या वळणात. ‘संपलं’ तर आई तोंडातून काढू द्यायची नाही. काका ‘संपलं’ म्हणाले आणि मी सवयीने ‘येतो, ओव्हर’ म्हणून गेलो. जित्याची खोड, दुसरं काय!

शनिवार, ७

दिवसभर वारा आणि मी. व्हॉल्व्हांशी गप्पा मारतो, पण ते फार मितभाषी आहेत.

एक गंमत लिहायची राहिली. काका दिसतात तसे खडूस नाहीत. रोज संध्याकाळी ते ‘संपलं’ म्हणतात, मी ‘येतो’ म्हणतो, खट्ट आवाज होतो आणि थोड्या वेळाने सेटमधून हळूच ‘या’ येतं. नियम मोडून म्हणतात, म्हणून आवाज बारीक करत असतील. नाजूक वाटतो अगदी.

खरं सांगायचं तर मी त्या ‘या’ची वाट बघतो. ही गेल्यापासून घरातून निघताना मी ‘येतो’ म्हणायचो आणि आतून कुणीच काही म्हणायचं नाही. रिकाम्या घराला काय सांगायचं? म्हणून ते घर सोडलं आणि इथे आलो.

गुरुवार, १२

आज हिची फार आठवण आली. मी ड्युटीवरून येताना वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचो, की ही चहाचं आधण ठेवायची. दारात पोचेपर्यंत चहा तयार. बाजाराला जाताना ही ‘येते हं’ म्हणायची आणि मी पेपरातून डोकं न काढता ‘ये’ म्हणायचो. दवाखान्यात स्ट्रेचरवरून आत नेलं, तेव्हाही म्हणाली, येते हं. मी ‘ये’ म्हणालो. ती परत आली नाही. म्हणजे जे व्हायचं तेच झालं.

लेक म्हणते माझ्याकडे राहायला या. मी दर वेळी ‘येतो’ म्हणतो आणि जात नाही. जावयाच्या घरात म्हाताऱ्याची अडगळ कशाला? पण हल्ली तिच्याकडे जावंसं वाटतं.

संध्याकाळच्या ‘या’ला आज एक शब्द जोडलेला होता. ‘लवकर या.’

सोमवार, १६

डिझेल भरायला ऑफिसात गेलो. काकांना म्हटलं, तुमच्या ‘या’ने दिवस गोड होतो. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, मी ‘संपलं’ म्हटल्याबरोबर भिंतीवरचं बटण बंद करतो आणि चपला घालतो. तुम्ही काय पाहुणे लागून गेलात ‘या’ म्हणायला?

आमच्या दोन सेटांशिवाय या लाइनीवर तिसरा सेट नाही. दोन्ही मीच बसवलेत.

मग त्यांनी जे आधी सांगायला हवं होतं ते सांगितलं. माझ्या आधीचा ड्रायव्हरही एकटाच होता. तोही रोज ‘येतो’ म्हणायचा. त्यालाही कुणी ‘या’ म्हणत होतं. एकदा त्याने सेट उपटून ऑफिसात आणून टाकला. त्यानंतर गाडी टाकीपाशी सापडली, दोन्ही दारं उघडी, खोलीत स्टोव्ह पेटलेला. तो नव्हता. लोक हसतील म्हणून काका कुणाला काही बोलले नाहीत, शेवटी ‘संपलं’च म्हणायचं हा नियम तेवढा केला.

लोक हसतील खरे. मीही येताना हसायचा प्रयत्न केला.

बुधवार, १८

आईची क्षमा मागून काल आणि आज ‘संपलं’ म्हटलं. काल शांत होतं. आज बटणाकडे हात नेला आणि सेटमधून आलं, आज येणार नाही?

बाईचा आवाज आहे. आता नीट कळलं.

माझं डोकं फिरलं. माईक उचलून सुनावलं, तू कोण असशील ती अस, पण माझ्या बायकोचं सोंग आणू नकोस. आमची ही जन्मात कधी ‘लवकर या’ म्हणाली नाही. ड्रायव्हरची बायको होती ती. ‘सावकाश या’ म्हणायची, सावकाश.

बोलून झालं, माईक अडकवला आणि जीभ चावली. घरचा शब्द मी होऊन तिच्या हातात दिला.

शुक्रवार, २०

सावकाश या, असं म्हणाली.

अहो, सावकाश या.

शब्द मीच दिला होता, हे ठाऊक आहे. तरी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणे. हे ताकही नाही, हे काय आहे कुणास ठाऊक. आणि तरी मी मघाशी गाडी सुरू केली होती. कुठे जायला, ते माझं मलाच कळलं नाही. टाकीच्या वळणावर भान आलं.

नाही. हे नको.

रविवार, २२

सकाळी, उजेडात, काकांना वायरलेसवर सांगितलं की मी नोकरी सोडतोय. त्यांनी कारण विचारलं नाही. मंगळवारी दुपारी जीप बदली माणूस घेऊन येईल आणि मला बसवर सोडेल. तोवर व्हॉल्व्ह वाऱ्यावर टाकून जाता येत नाही. लेकीला काका फोन करणार आहेत. ‘बाबा येतो म्हणालेत, आणि या वेळी खरंच येतायत’ असं सांगा म्हटलं.

मग सेट उपटला. पाने आणायला थांबलो नाही, हातानेच ओढला. वायरींची टोकं तशीच लोंबतायत. ज्याने आधी तोडल्या त्याला राग नव्हता आला. त्याला भीती वाटली होती.

सेट कंपनीचा आहे, फेकता येत नाही. टेबलावर ठेवलाय, वर टॉवेल टाकलाय.

सोमवार, २३

दिवसभर शांत.

टॉवेलकडे बघायचं नाही असं ठरवलंय. खोलीत दुसरं बघण्यासारखं काही नाही.

लेकीच्या घरी पुढची खोली रस्त्यावर आहे, शाळेतली मुलं जातात येतात. तिथे बसेन. कुणीही काहीही बोललं तरी ऐकत बसेन.

मंगळवार, २४. दुपार

बॅग बांधली. जीपची वाट बघतोय. ऊन लख्ख आहे. लेकीसाठी माळावरचा एक गुळगुळीत दगड घेतलाय, उगाच, पेपर दाबून ठेवायला. तिला सांगायचं, तुझी वही —

आत्ता टॉवेलखालून —

‘येते हं.’

मी लिहीत होतो. मान खाली होती. वाटलं, जातेय. निरोप घेतेय. बरं वाटलं एकदम, आणि मी म्हणालो —

मी ‘ये’ म्हणालो.

वळणावर हॉर्न. दोनदा. जीप आली वाटून उठलो. जीप नाही. पिकअप खिडकीखाली उभी होती, ती तिथे नाही. किल्ली माझ्या खिशात आहे. हातात धरलीय.

कडी लावली. खाट दाराला लावली.

बाहेर पाय पुसतेय कुणी. ही पुसायची तसे, आधी डावा, मग उजवा. तिथे पायपुसणं नाही, नुसती माती —

मागे स्टोव्ह पेटलाय. आधण ठेवलंय. मी नाही — मी इथून हललो नाही —

बाळ, मी येत होतो. या वेळी खरंच —

बोलायचं नाही. तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. ती काही म्हणाली तरी —

खाट सरकतेय. सावकाश.

म्हणतेय, अहो, घाबरताय काय. तुम्हीच ‘ये’ म्हणालात, म्हणून तर मी