वर्तुळातला ठिपका

११ फेब्रुवारी

आज क्लासमध्ये वंशावळी. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. आजारी असेल तर आकृती काळी करायची. स्वतः आजारी नाही पण मुलांना आजार देऊ शकते, अशी बाई म्हणजे वाहक – तिच्या वर्तुळात मधोमध एक ठिपका.

बाईंनी फळ्यावर जे घर काढलं ते आमचंच! ठिपकेवाली आई, काळा मुलगा, पांढरी मुलगी, मुलीपुढे प्रश्नचिन्ह. शेजारची म्हणाली, एकदम सोप्पं आहे, हे मार्क कुठे जात नाहीत. मी मान हलवली. इथे कुणाला माहीतच नाही की मला भाऊ होता.

१२ फेब्रुवारी

काही वाचलं नाही.

१५ फेब्रुवारी

घरी अभ्यास होईना म्हणून गेल्या महिन्यात बाबांनी मला इथे मावशीकडे आणून सोडलं, ते बरंच झालं. साहेब गेल्यापासून आई त्याच्या खोलीतून बाहेर येत नाही. साहेब म्हणजे माझा मोठा भाऊ. चाकांच्या खुर्चीत बसून अख्ख्या घराला हुकूम सोडायचा, म्हणून साहेब. स्नायू झिजत जाण्याचा आजार. आधी पाय गेले, मग हात, शेवटी श्वास. एकोणीस वर्षांचा होता.

मावशी-काकांचं खाली चष्म्याचं दुकान, वर दोन खोल्या. काका दिवसभर काचा घासतात, त्या मशीनची घरघर वर माझ्या टेबलापर्यंत येते. मावशी गिऱ्हाइकांकडून तक्त्यावरची अक्षरं वाचून घेते. एक आजोबा रोज येऊन फुकट वाचून जातात. पाठ झालंय त्यांना सगळं. मावशी तरी विचारते, आता स्पष्ट दिसतंय का?

दोघं खूप चांगली आहेत. पण माझ्याशी बोलताना आवाज जरा खालीच ठेवतात, घरात कुणी आजारी असल्यासारखा. दिवसभरात माझ्या तोंडून दहा वाक्यं निघत असतील. उरलेलं इथे.

२० फेब्रुवारी

जनुक संपादन. जिवाणूंकडून शिकलेली कात्री. सोबत एक वाटाड्या रेणू द्यायचा, तो बरोबर जागा शोधतो, कात्री कापते, पेशी आपणच सांधते. आकृतीसह पाच मार्क.

हे मला साहेबानंच आधी सांगितलं होतं. कुठे कुठे वाचत बसायचा. म्हणाला होता, सोपं आहे गं, चुकलेली ओळ खोडायची – फक्त अंगातल्या प्रत्येक स्नायूत जाऊन खोडायची. तोवर मी रिटायर झालेला असेन. आणि स्वतःच इतका हसला की आईला येऊन त्याची मान सरळ करावी लागली.

आकृती काढली. तीनदा काढली. कात्री कात्रीसारखी येईना.

२३ फेब्रुवारी

क्लास सुटल्यावर बाईंना गाठलं. विचारलं, मुलाला हा आजार असला की आई वाहक असतेच ना? बाई म्हणाल्या, असतेच असं नाही. हे जनुक माणसातलं सगळ्यांत लांबलचक, त्यामुळे त्यात नव्यानं चुका फार होतात. साधारण तीनातल्या एका मुलात चूक नवीच असते. आईत नसतेच. तपासल्याशिवाय मात्र सांगता येत नाही.

मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, घरी कुणाला आहे का? मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं कुणास ठाऊक. रस्ताभर स्वतःचाच राग येत होता.

आईला कधी तपासलंच नाही! साहेबाचं निदान झालं तेव्हा ती तपासणी लांबच्या शहरात व्हायची, आणि आमच्या घरात तर निकाल आधीच लागला होता. दवाखान्याच्या दारात आत्या सगळ्यांदेखत बोलली होती, हे आमच्याकडचं नाही, माहेरून आलंय. आई त्यावर अवाक्षर बोलली नाही. आजपर्यंत नाही.

२४ फेब्रुवारी

आईला फोन. सगळं सांगितलं, बाईंच्या शब्दांत. म्हणाली, तू तुझ्या परीक्षेचं बघ.

२ मार्च

बाबांचा फोन. आई स्वतःहून जाऊन रक्त देऊन आली! घरातून निघताना कुणाला सांगितलंही नाही. रिपोर्ट यायला वेळ लागेल.

तिच्यात नसेल तर बहुतेक माझ्यातही नसेल. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. भीती होती. रोज होती.

जिन्यावर काकांनी विचारलं, आज काय, एकदम खुशीत? म्हटलं, पुस्तकाची उजळणी संपली. तेही खूष झाले बिचारे.

६ मार्च

दुपारी दुकानात शुकशुकाट होता. मावशी वर आली, माझं पुस्तक ओढून घेतलं, म्हणाली चल, प्रश्न विचारते. चष्मा नाकावर ओढून शब्द अडखळत वाचत होती. मजा आली. खूप दिवसांनी मी हसले. मग वंशावळीचं पान आलं. ती त्या ठिपक्यावर बोट ठेवून थांबली. हे काय, म्हणाली. सांगितलं. तिनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"तुझ्या आईनं मला वाचवलं, माहितेय तुला?"

मला कळेना. मग तिनंच सांगितलं. साहेबाचं निदान झालं त्या वर्षी मावशीचं नुकतंच लग्न झालं होतं. आई स्वतः भेटायला आली. याच खोलीत बसली. म्हणाली, माझ्यात आहे म्हणजे तुझ्यातही असेल. माझ्यासारखं रोज बघत बसायची वेळ तुझ्यावर येऊ नये. मूल होऊ देऊ नकोस.

"काका?" एवढंच विचारता आलं मला.

"ते म्हणाले, तू म्हणशील तसं." मावशी पुस्तकाच्या कव्हरवरून हात फिरवत होती. "कठीण गेलं गं. नाही कशाला म्हणू. पण ताईनं माझ्या भल्याचंच सांगितलं. तिचे उपकार आहेत माझ्यावर."

खालून काकांनी हाक मारली, गिऱ्हाईक आलं होतं. ती गेली.

तीनातल्या एका मुलात – मी तिला सांगितलं नाही. आईच्या रक्ताचंही नाही सांगितलं.

७ मार्च

आईत दोष निघाला तर ती आयुष्यभर मान खाली घालणार. आणि मला ठिपका असण्याची शक्यता निम्मी. नाही निघाला तर आई सुटली, मी सुटले. आणि मावशीनं उगाचच–

कुठला निकाल मागू? आणि आईच्या डोक्यात हे तपासणीचं कुणी घातलं? मीच. फार शहाणी!

९ मार्च

खाली एक बाई लहान मुलीला घेऊन आली होती. पहिला चष्मा. मावशीनं फ्रेम घालून तिला आरशासमोर धरलं. मी जिन्यातून परत वर आले.

१० मार्च

आईनं फोनवर विचारलं, मावशी बरी आहे ना? मी हो म्हटलं. आईच्याही डोक्यात तेच चाललंय. रक्त द्यायला गेली तेव्हाच आलं असणार तिच्या लक्षात. तरी गेली.

कुणाशी तरी बोलायला हवं होतं. साहेबाशी बोलले असते. तो काहीतरी वेडंवाकडं बोलला असता आणि मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

१४ मार्च

जीवशास्त्राचा पेपर झाला. शेवटचा प्रश्न – मानवी गर्भातील जनुकांचे संपादन करावे का, तुमचे मत लिहा. आजूबाजूला सगळ्यांची पेनं सुसाट. मी फायदे लिहिले, धोके लिहिले. मत लिहायचं तिथे खूप वेळ बसून राहिले. घंटा झाली तेव्हा एवढंच लिहिलं होतं – आधी नीट तपासून घ्यावे.

बाहेर मावशी दुकान काकांवर टाकून न्यायला आली होती. उन्हात उभी. कसा गेला, म्हणाली. चांगला गेला म्हटलं.

२१ मार्च

रिपोर्ट आला. आईत दोष नाही. साहेबाची चूक नवीनच होती.

आईनं मला सांगितलं आणि लगेच म्हणाली, मावशीला फोन दे, मीच बोलते. मी दिला. मावशी दुकानाच्या काउंटरला टेकून बराच वेळ नुसती ऐकत होती. काकांनी मशीन बंद केलं.

मग मावशी म्हणाली, "रडू नकोस ताई. तुला तरी कुठे माहीत होतं."

फोन माझ्या हातात देऊन ती काकांकडे वळली. ते खुर्चीवरून उठले.