रेषेच्या वरचं तेल

तीर्थस्वरूप अण्णांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला उतरला असेल, वहिनींचा नवा चष्मा त्यांच्या नाकावर स्थिरावला असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं ठीक. ठीक नव्हती ती तिसरी, म्हणजे तुम्ही चालवणं सोडल्यावर आम्हाला दिलेली सोळा वर्षांची ऑटोमॅटिक गाडी.

घोट्याच्या ऑपरेशनपासून हिच्या डाव्या पायाला क्लच दाबणं जमत नाही, हे तुम्ही जाणताच. बिनक्लचची ही गाडी आहे म्हणून ती शहराच्या दोन टोकांना असलेल्या दोन शाळांत चित्रकला शिकवायला जाऊ शकते. तर महिन्याभरापूर्वी गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना अडखळायला लागली. इंजिन ओरडायचं, काटा वर चढायचा, गाडी मात्र ढिम्म. आणि मग मागून कुणी लाथ घातल्यासारखा धक्का. रिव्हर्स टाकला तर आधी विचार करायची, मग हलायची. (नोकरीत माझंही असंच चाले, पण मला कुणी गॅरेजमध्ये नेलं नाही.) मी बसल्या जागी निदान केलं, की गाडी चांगली आहे, चालवणारीचा उजवा पाय जड पडतो. नाचता येईना अंगण वाकडं, असंही वर ऐकवलं. नेहमीसारखी भांडली असती तर बरं झालं असतं. तिने किल्ली खुंटीला अडकवली आणि दुसऱ्या दिवसापासून वह्यांचे गठ्ठे काखेत मारून दोन बस बदलत शाळेत जायला लागली. असे अकरा दिवस गेले.

मग मी गाडी घेऊन निघालो. पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीला कॉम्प्युटर जोडला. कॉम्प्युटरला काहीच सापडलं नाही, तेव्हा तो म्हणाला की गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल. (मला आमचे फॅमिली डॉक्टर आठवले.) दुसरे एक वयस्कर मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी काही जोडलं नाही. गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर ओढली, एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला, वास घेतला. तेल जळलेलं नव्हतं, लालच होतं. मग इंजिन चालू ठेवून, तापू देऊन, त्यांनी पट्टी पुन्हा बुडवून पाहिली, तर टोकाला जेमतेम ओल. तेल दीडेक लिटर कमी आहे, म्हणाले, म्हणून गिअर धरत नाही. गाडीखाली आडवे झाले. कुठे गळती नाही, डाग नाही. "मग तेल गेलं कुठं?" असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी चिंध्या आहेत का बघायला डिकी उघडली.

अण्णा, मी वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक होतो. माप रेषेला पाहिजे. खाली असलं तर लबाडी, वर असलं तर निष्काळजीपणा. तुम्ही गाडी देताना तेल बघत जा म्हणालात, म्हणून मी दर रविवारी सकाळी, गाडी थंड आणि बंद असताना, पट्टी काढून बघत होतो. तेल रेषेच्या वर दिसलं. माझे हात शिवशिवले. मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून तीन रविवारांत मी ते बरोब्बर रेषेवर आणलं. एकदम काढायचं नाही, सबुरीने, अर्धा-अर्धा लिटर. प्रत्येक बाटलीवर तारीख, माप आणि माझी सही. त्या तिन्ही बाटल्या डिकीत होत्या. मास्तरांनी सही वाचली, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "हे तेल इंजिन चालू ठेवून बघायचं असतं, साहेब. बंद केलं की ते वर दिसतं." मला 'साहेब' म्हणाले, हे जास्त लागलं. त्यांनी नवं तेल भरलं आणि गाडी लोण्यासारखी तिसऱ्यात गेली. घरी येऊन मी हिला फक्त 'झाली दुरुस्त' एवढंच सांगितलं.

वहिनींना नमस्कार.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. ती शुक्रवारी तुम्हाला फोन करेल. तेव्हा सहज बोलता बोलता म्हणा, की गिअरबॉक्स तुमच्या वेळेपासूनच जरा कुरकुरत होता. तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. एवढं माझ्यासाठी करा.

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द समजा. पाकीट शोधायला आत गेलो, तर ही वजनकाट्यावर एकच पाय, उजवा, ठेवून उभी होती. हळूच दाबायची, आकडा बघायची, परत दाबायची. मला म्हणाली, "तुम्ही जन्मभर मापंच तपासलीत ना, बघा बरं, खरंच जड पडतो का? डावा गेलाच आहे, हा पण गेला असेल तर शाळा सोडते." मला फार लाज वाटली, अण्णा. मी तिथेच फरशीवर बसून तिन्ही रविवार सांगून टाकले. ती काट्यावरून उतरली. खुंटीवरची किल्ली घेऊन गेली. खाली गाडी सुरू झालेली ऐकली, कोपऱ्यापर्यंत एकही अडखळ नाही. गेली ती तुमच्याच दिशेला. हे पत्र पोचेपर्यंत तिचं सगळं सांगून झालेलं असेल. तिने माझ्याबद्दल जे काही सांगितलं असेल, ते सगळं खरं आहे.