तेल पाजलेली काडतुसं

सेज फोर्क, केंटकी
१० मे

तीर्थस्वरूप डॉर्सीमामांच्या चरणी,

भाचा होबर्ट याचा मनापासून नमस्कार. (दोन्ही हात जोडून म्हणणार होतो, पण उजव्या अंगठ्याला पट्टी आहे. कारण पुढे येईल.) तुमची कंबर आता कशी आहे? मामींचा खोकला गेला का? डेटनच्या कारखान्यात तुमची पाळी बदलली असं कळलं, नवी पाळी मानवली असेल अशी आशा करतो. इकडे आई ठीक आहे. सकाळी बोटांचे सांधे आखडतात, पण कॉफीचा गरम कप धरून बसली की तासाभरात सुटतात. मीही ठीक आहे. झोप जरा कमी लागते, एवढंच.

तुम्ही फोनवर जे बजावलं, ते मी वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे. "थडगी सजवायच्या रविवारी मी येतोय. तुझ्या आईनं माझ्या डोळ्यांदेखत त्या खेळण्यातून सातपैकी सात गोळ्या उडवल्या, तर राहू दे तिला तिथे. एक जरी अडली, तर ती माझ्या गाडीत बसून डेटनला येईल." मामा, तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही. खाण बंद पडल्यापासून अर्धं खोरं तुमच्या मागोमाग ओहायोला गेलं आणि जाताना कुत्री इथेच टाकून गेलं. त्या कुत्र्यांची आता टोळी झाली आहे, टोळीनं आमच्या अकरा कोंबड्या नेल्या आणि मार्चमध्ये आईला टपालपेटीपाशी अर्धा तास अडवून धरलं, हे सगळं खरं आहे. मी दिवसभर लाकडाच्या गिरणीत असतो, हेही खरं. पण म्हणून तिनं घर सोडावं हे मला पटत नाही, आणि तिलाही पटत नसणार. (विचारलेलं नाही. आईला काय वाटतं ते मुलाला विचारावं लागत नाही.)

आता त्या पिस्तुलाविषयी. तुम्ही त्याला खेळणं म्हणालात, मला राग आला नाही. ते तळहातात मावतं, पॉइंट बावीसचं आहे, आणि मोठ्या पिस्तुलाचं वरचं झाकण मागे खेचायला जी ताकद लागते ती आईच्या बोटांत उरलेली नाही. याचा खटका दाबला की नळी वर उचलली जाते, तिच्यात एक काडतूस नुसतं ठेवायचं आणि नळी बंद करायची, पोळपाटावर लाटी ठेवण्याइतकं सोपं. बाकी सहा मुठीतल्या मॅगझिनमध्ये. ते मी वर्नल टॅकेटकडून घेतलं. त्याच्या दुकानात गळाला लावायचे किडे आणि बंदुका एकाच काउंटरवर मिळतात, आणि मला वाटतं तो दोन्हींविषयी सारखंच ज्ञान बाळगून आहे. कोणती काडतुसं घेऊ असं मी विचारलं, तर म्हणाला, "बावीस ती बावीस. जी हाताला लागतील ती घाल." चाळीस वर्षं बंदुका विकणाऱ्या माणसाचं हे उत्तर! मी अंगठ्याच्या जखमेचं विचारलं असतं, तर त्यानं किडाच बांधला असता.

दुसरे तज्ज्ञ म्हणजे आपल्या चर्चचे डीकन बेव्हिन्स. असलंच पिस्तूल ते अकरा वर्षं रविवारच्या कोटाच्या खिशात बाळगून आहेत, त्यामुळे त्यांचा अधिकार मोठा. "अरे, अकरा वर्षांत एकदाही दगा दिला नाही," असं ते सगळ्यांना सांगतात. (अकरा वर्षांत एकदाही झाडलेलं नाही, हे सांगत नाहीत. असा भरवसा माझ्या चपलेवरही ठेवता येईल.) मी नम्रपणे म्हटलं, एकदा झाडून दाखवाल का? तेव्हा त्यांनी ते बाहेर काढलं. नळीत कोटाच्या अस्तराचा भुगा होता आणि मॅगझिनला पेपरमिंटची गोळी चिकटली होती. पहिला चाप, टिक. दुसरा चाप, टिक. तिसऱ्याला बार झाला, आणि काडतुसाचं रिकामं कवच बाहेर पडायच्या ऐवजी दारात पाय अडकलेल्या पाहुण्यासारखं उभं राहिलं. डीकननी पिस्तूल परत खिशात घातलं आणि म्हणाले, "आज प्रभूची इच्छा नव्हती." प्रभूवर आळ घ्यायला माणसं किती पटकन तयार होतात, मामा. मी तर असं ऐकलं आहे की प्रभू कोटाचे खिसे झटकायला सांगतो.

म्हणून मी सगळ्यांना सोडून स्वतः परीक्षा घेतली. चार प्रकार, प्रत्येकी शंभर, वहीत प्रत्येकाची ओळ. (माझं शिक्षण नववीपर्यंत, पण ओळी सरळ आखता येतात.) पहिला प्रकार, हळू धावणारी, निशाणेबाजांची. आवाज सभ्य, पण त्यांच्या धक्क्यानं पिस्तुलाचं वरचं झाकण पुरतं मागे जातच नाही, पुढचं काडतूस वर यायला तयार नसतं. हे म्हणजे पाहुण्याला या म्हणायचं आणि दार अर्धंच उघडायचं. दुसरा, पोकळ तोंडाची. दुकानातला जो तो हीच मागतो, कारण डबीवर रागावलेला कोल्हा छापलेला असतो. या पिस्तुलात नळीकडे जायची वाट इतकी अरुंद की ते चपटं तोंड तिच्यात धडकून बसतं, शंभरात चौदा वेळा. कोल्हा डबीवरच राहतो. तिसरा, नुसत्या शिशाची, मेण लावलेली, गोल नाकाची. सुरळीत चालतात, पण मेणाला जगातली सगळी धूळ चिकटते, आणि आईच्या ॲप्रनच्या खिशात पीठ असतं. चौथा, तांब्याचा मुलामा दिलेली, गोल नाकाची, जोरानं धावणारी. शंभरात दोन फुसकी, अडकलं एकही नाही. हीच निवडली.

दोन फुसकी का, असं तुम्ही विचारालच. मोठ्या काडतुसात पेटवायची दारू मधोमध वेगळ्या टोपीत असते. बावीसमध्ये ती बुडाच्या काठात गोल फिरवून बसवतात, आणि कुठे तरी थेंबभर पोचत नाही. हातोडी नेमकी तिथे पडली की टिक. काढून जरा फिरवून घातलं की बहुधा उडतं. म्हणजे दोष काडतुसाच्या एका बाजूचा, जसे आपल्याकडचे काही लोक रविवारी तिरके, सोमवारी भेटले तर बरे. या पिस्तुलात फुसकं काडतूस ओढून काढणारं काही नसतं. नळी उचलायची आणि ते नखानं काढायचं. आईच्या नखाला जमत नाही, म्हणून तिनं केसातला आकडा वापरायचा ठरला. शिवाय उशिरा पेट घेणारं निघालं तर धोका नको, म्हणून टिक झाल्यावर नळी समोर धरून तीस आकडे मोजायचे, हा नियम मी घालून दिला. आई आकड्यांऐवजी भजनाचं एक कडवं म्हणते. आणि म्हणाली, "तुझ्या कुत्र्यांना पण सांगून ठेव हं, कडवं संपेपर्यंत थांबा म्हणून." मी तिच्या विनोदाकडे लक्ष दिलं नाही.

तुम्हाला माहीत आहे, आपल्या खोऱ्यात एप्रिलमध्ये मीठसुद्धा रडतं. काडतुसांना दमट हवा लागू नये म्हणून मी निवडक दोन डझन काडतुसांवर गंज सोडवायच्या तेलाचा फवारा मारला. (ज्या निळ्या डब्यातलं तेल आपल्याकडे बिजागरीपासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला लावतात, तेच.) प्रत्येक पुसलं, परत फवारलं, अंड्यांच्या पुठ्ठ्यात उभं केलं, आणि रोज संध्याकाळी पुन्हा एक हात फिरवला. काडतुसं आरशासारखी चमकत होती. खरं सांगतो, टॅकेटच्या दुकानात इतकी नेटकी काडतुसं मी कधी पाहिली नव्हती, आणि हे मी त्याला ऐकवलंही.

काल रंगीत तालीम केली. कुंपणावर पत्र्याच्या सात रिकाम्या ताटल्या मांडल्या. आईनं ॲप्रन सारखा केला, पाय रोवले, नळी ताटल्यांकडे धरली. टिक. कडवं. केसातला आकडा. नवं काडतूस. टिक. कडवं. आकडा. चौथ्या टिकला तिचं भजन संपलं आणि ती दुसरं विचारायला लागली. पाचव्याला बार झाला, ताटली हलली नाही, कोंबडा मात्र पळाला. सहाव्याला टिक. मी म्हटलं, दे इकडे, आणि सातवं स्वतः उडवलं. ते नेमकं उडालं, आणि पकड घाईत उंच धरल्यामुळे मागे सरकणाऱ्या झाकणाच्या धारेनं अंगठ्याशेजारचं कातडं सोलून नेलं. (पट्टी ती हीच.) आई म्हणाली, "बरं झालं, एकाला तरी लागली."

मी रागानं काडतुसांच्या कंपनीला दोन पानी तक्रार लिहिली. तिच्यात "बेजबाबदार" हा शब्द तीनदा आहे. पत्ता घ्यायला टॅकेटकडे गेलो, त्यानं पत्र वाचलं, पुठ्ठ्यातलं एक काडतूस उचललं, हुंगलं आणि किड्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. "पोरा, हे काय केलंस? तेल पाजलंस यांना?" मी म्हटलं, गंजू नयेत म्हणून. "अरे बाबा, हे तेल अडकलेल्या नटात शिरतं म्हणूनच तर आपण विकत घेतो. ते गोळीच्या कडेनं आत शिरलं, दारू भिजली. बंदुकीला तेल, काडतुसाला कोरडी चिंधी. एवढं तर माझ्या किड्यांना पण ठाऊक आहे." दुकानात त्या वेळी चार माणसं होती, आणि त्यांतले एक डीकन बेव्हिन्स. ते म्हणाले, "प्रभूची इच्छा." मामा, माणसाला एखादी गोष्ट ठाऊक असणं वेगळं आणि ती वेळेवर सांगणं वेगळं. टॅकेट हे पहिल्याच दिवशी सांगू शकला असता. त्यानं काय सांगितलं, तर बावीस ती बावीस.

तेव्हा निष्कर्ष असा, की पिस्तूल भरवशाचं आहे, चौथ्या प्रकारची काडतुसं भरवशाची आहेत, आणि दोष फक्त (आता दुरुस्त झालेल्या) साठवणीचा होता. नवी डबी आणली आहे, कोरडी, झाकणबंद. आई इथेच राहील. मामींना नमस्कार. थडग्यांसाठी कागदी फुलं करायला आईनं सुरुवात केली आहे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
होबर्ट स्कॅग्ज

ता. क. तुम्ही परीक्षेसाठी स्वतःची काडतुसं आणणार असं म्हणाला होतात. ती जर शहरातल्या मोठ्या दुकानातली, बादलीत सुटी मिळणारी असतील, तर कृपा करून आणू नका. ती चारही प्रकारांत बसत नाहीत.

ता. क. २. पत्र पाकिटात घातलं होतं, पण मंगळवारी जे घडलं ते लपवलं तर तुम्हाला दुसरीकडून कळेल. आई वाळत घातलेली चादर काढत होती, मी गिरणीत. टोळी आली, सहा कुत्री. आईनं पिस्तूल काढलं. (आत पुठ्ठ्यातलीच काडतुसं होती. नवी भरायची माझ्याकडून राहिली. याबद्दल मी काही बोलू इच्छित नाही.) टिक झालं. कडव्याला वेळ नव्हता. पुढचा मोठा तपकिरी कुत्रा पाच पावलांवर आला तेव्हा आईला त्याचा फाटका कान दिसला, आणि ती खेकसली, "बॅनर! खाली बस!" मामा, तो बसला. ओहायोला गेलेल्या रॅटलिफांचा बॅनर तो, त्यांच्या अंगणात आई दहा वर्षं अंडी द्यायला जायची. तो बसला तसे बाकीचे गोंधळले आणि एकेक करून ओढ्याकडे निघून गेले. हा गेला नाही. आता पायरीवर असतो. काल रात्रीचा मक्याचा पाव त्यानं खाल्ला, जो मला ठेवलेला होता.

ता. क. ३. वरचं आईनं वाचलं. ती म्हणाली, "डॉर्सीला सांग, परीक्षा-बिरीक्षा काही नको. मी दोन वर्षांपासून यायला तयार आहे. रॅटलिफ जाताना बॅनरला दावणीला बांधून गेले होते, दावं त्यानं चावून तोडलं. मला तसं कुणाला ठेवून जायचं नव्हतं, म्हणून थांबले होते." मी म्हटलं, पण कुत्रा तर परवा आला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि फुलं करायला लागली. तेव्हा मामा, गाडी मोठी आणा, आणि एक काम करा. मामींना आताच विचारून ठेवा, की आईबरोबर एक कुत्रा चालेल का. तो चालत असेल, तर सावकाश माझंही विचारा.