फळी पुढच्या घरी

५ ऑक्टोबर, रविवार

"एक पान पुरे," म्हणे पाळकसाहेब. एक पान! सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला एक पान, आणि चर्चचं छप्पर बदललं त्याला फोटोंसकट चार!

जपानमधल्या या गावातल्या आमच्या लूथरन चर्चला पंच्याहत्तर वर्षं होतायत. नाताळात पुस्तिका निघणार. पाळकसाहेबांनी फुमिए-सानवर लिहायचं काम मला दिलं, कारण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे गुरुवारचे डबे मी त्यांच्याबरोबर वाटते. १९९४ पासून चालवतायत. निम्मे "म्हातारे" त्यांच्याहून लहान!

९ ऑक्टोबर, गुरुवार

डबे वाटून झाल्यावर त्यांच्या ओसरीत पर्सिमनची केशरी फळं सोलत बसलो, वाळवायला टांगायची म्हणून. त्यांची साल एकसलग उतरते. मी बोट कापून घेतलं. "इतकी वर्षं पर्सिमनवर संशोधन करतेस — आणि सोलता येत नाही?" पोट धरून हसल्या.

मग बोलल्या. सूतगिरणीत कामाला असताना बाप्तिस्मा घेतला. बाविसाव्या वर्षी या शेतावर लग्न होऊन आल्या. सासूने बायबल तांदळाच्या पिंपात लपवलं. "पेटवलं तर नाही ना!" म्हणतात. जणू उपकारच!

आणि १९७१. देवळाच्या उत्सवात पाळीपाळीने एकेका घरातल्या बाईने नैवेद्य ठेवून वाकायचं. यांची पाळी आली. "अंगण झाडते, भांडी घासते, पण वाकणार नाही." तेव्हापासून यांच्या घरी कैरानबान येणं बंद झालं. कैरानबान म्हणजे आळीतल्या सूचनांची फळी. घरोघर फिरते, वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. आधीचं घर हातानोंचं. ती बाई फळी घेऊन यांच्या फाटकावरून सरळ पुढे जायची. या कुंपणाआड उभ्या राहून तिच्या सपातांचा आवाज ऐकायच्या. तीन वर्षं! भाताला पाणी कधी सुटणार ते कळायचं नाही. आळीत कुणी गेलं, तर शववाहिका दारावरून जाताना कळायचं.

हे मला कुणी समजावून द्यायला नको. माझी आजी विहिरीपाशी घागर घेऊन उभी राहायची — कुणी वरून ओतेल म्हणून.

आणि आज त्याच हातानो आजींना फुमिए-सान डबा नेतात. दात नाहीत म्हणून भात वेगळा, मऊ शिजवून!

१२ ऑक्टोबर, रविवार

पुस्तिका समितीच्या निवा-साननी माझ्या पानातली ती तीन वर्षं लाल पेनाने खोडली. "ती माणसं अजून हयात आहेत."

"म्हणूनच तर लिहायचं!" मी सगळ्यांसमोर म्हणाले. कुणीतरी घाईने चहा ओतायला लागलं. पाळकसाहेब म्हणाले, "बघू या." इथलं "बघू या" म्हणजे नाही. दोन वर्षांत एवढं शिकले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

फुमिए-सानसुद्धा म्हणतात खोड!

"तेवढं नको लिहूस."

"तुम्ही घाबरता? तुम्ही?"

नुसत्या गाजरं चिरत राहिल्या. मला त्यांचाच राग आला. जी बाई सगळ्या गावासमोर वाकली नाही, ती आता कुणापुढे वाकतेय?

नागोयाच्या वीणाताईला फोन केला. ती म्हणे, "तुझी पीएचडी पर्सिमनवर आहे की भांडणावर?" आईला केला. "बाळा, परक्या गावात भांडू नये." घरातली पहिली पदवीधर मी. शिकवलं कशाला मग? गप्प बसायला?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

फळी आली. बाकी सगळे फाटकाच्या खिळ्याला अडकवून जातात. माझ्या आधीचं घर फुमिए-सानचं; त्या हाक मारतात, हातात देतात, मी शिक्का मारेपर्यंत उभ्या राहतात. मी इथे राहायला आले त्या दिवशीही तसंच. माझ्याकडे शिक्का नव्हता, तर चार दिवसांत माझ्या नावाचा करवून आणला.

आत दोन कागद. प्लॅस्टिकचा कचरा आता बुधवारी, आणि रानडुकरांपासून सावध. त्या गेल्यावर खाली तिसरा लावला — माझं पान. छापील. खोडलेलं सगळं त्यात. हातानोंचं नावही!

पुढच्या फाटकाला अडकवून आले. रागाने. भीतीने नाही.

२५ ऑक्टोबर

आळीत सगळे नमस्कार करतात. कुणी एक शब्द काढत नाही. भेकड!

३० ऑक्टोबर, गुरुवार

फळी आळीभर फिरून काल हातानो आजींकडे पोचली. आज त्यांनी दार उघडलं नाही. आतून आवाज — "आज भूक नाही." डबा दाराशी ठेवला. संध्याकाळी कामावरून येताना पाहिलं, तिथेच होता.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. क्षणभर. आता कळू दे, दार बंद असलं की कसं वाटतं ते!

६ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा तेच. पडदे ओढलेले. एक्याण्णव वर्षांची बाई, आठवडाभर काय खातेय? फळीही आतच अडकलीय.

फुमिए-सान दारापाशी अर्धा तास उभ्या राहिल्या. "भात मऊ आहे हं," एवढंच म्हणत होत्या. परत येताना गाडी चालवताना माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. ओरडा ना! शिव्या द्या! मी रागावलेय, तर तुम्हीही रागवा!

फाटकाशी मी उतरले तेव्हा म्हणाल्या, "तिने तीन वर्षं माझ्या दारावरून फळी नेली. तू एका दिवसात तिचं दार बंद केलंस."

मी काय केलं? खरं तेच लिहिलं! खोटं काय आहे त्यात?

झोप नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी फुमिए-साननी हाक मारली. फळी घेऊन. हातानो आजींनी दार उघडलं होतं. माझं पान आत होतं, सगळ्या घरांचे शिक्के त्यावर. आजींचाही, तिरका.

फुमिए-सान म्हणाल्या, "१९९१ मध्ये तुझ्या या घरात एक ब्राझीलचं जोडपं भाड्याने राहायला आलं. तान्हं बाळ होतं. आळीचे प्रमुख म्हणाले, त्यांना वाचता कुठे येतं, तू पुढच्या घरी देत जा. मला फळी परत मिळालेली होती. मी पुढच्या घरी देत गेले. तीन वर्षं. ती बाळाची आई खिडकीत उभी असायची. मग ते गाव सोडून गेले. मी तिचं नाव कधी विचारलं नाही. हातानोचं लिहिलंस, आता हे लिही."

फळी माझ्या हातात दिली. मी शिक्का मारेपर्यंत उभ्या राहिल्या.