गोलकीपरचा डावा खांदा

अल कुसैस,
१३ ऑक्टोबर २००९

प्रिय प्रकाशदादास,
उर्मिलाचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. चकल्या झाल्या, यंदा मोडल्या नाहीत. ऊद मेथा भागातल्या नव्या क्लिनिकमध्ये मी आता रुळलेय. दिवसभर म्हाताऱ्यांचे गुडघे. वहिनींचा फोन आला होता, सोमवारी भाऊबिजेला कितीला येऊ म्हणून. मी "कळवते" म्हणाले.

परवा कुमेदाची बातमी कळली. रास अल खैमाला तुमच्या कंपनीच्या फुटबॉल क्लबात होता तो जपानी गोलकीपर. विसरला असशील तर बरंच आहे तुझं.

जपानात तिशी उलटेपर्यंत राखीव म्हणून बाकावर बसलेला माणूस. इथे आला तेव्हा कुठे पहिल्यांदा मुख्य गोलकीपर झाला. मॅचआधी गोलच्या दोन्ही खांबांना वाकून नमस्कार करायचा. तूच म्हणायचास, "हा तर आपल्या गावचा निघाला!" क्लबची फिजिओ म्हणून मी त्याचा खांदा बघायचे, तर निघताना मलाही तस्साच नमस्कार. मला मेलीला ओशाळायला व्हायचं. ती नोकरी तूच लावून दिली होतीस, तेही मी विसरलेले नाही.

गेल्या भाऊबिजेला तू माझ्याकडे पाटावर बसला होतास. कपाळाला कुंकू, तोंडात करंजी. "काय म्हणतो गं तुझा कुमेदा?" भाऊ विचारतोय म्हणून सांगितलं. डावा खांदा दुखावलाय, रात्री आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसून झोपतो. दीड महिन्यात बरा होईल. कोचला माहीत आहे, तुमच्या ऑफिसला तेवढं कळू द्यायचं नाही, नाहीतर पुन्हा बाकावर जाईल. "माझ्यापाशी राहील," म्हणालास.

मंदीत कंपनीचे टॉवर अर्ध्यात थांबले आणि महागडे खेळाडू काढायचं ठरलं. जानेवारीत त्याला बोलावलं, शेजारी मला बसवलं. तुझा साहेब हसत म्हणाला, "यू स्लीप सिटिंग अप, डोन्ट यू?" दुखापत लपवली म्हणून काँट्रॅक्ट रद्द. हे मी फक्त तुझ्या पाटासमोर बोलले होते. कुमेदाने माझ्याकडे पाहिलं, उठला आणि न वाकता निघून गेला.

तुला फोन केला तर म्हणालास, "उर्मे, मार्केट खलास झालंय. एचआरमध्ये माझाच नंबर लागणार होता. माझी नोकरी गेली असती तर चाललं असतं तुला?"

नसतं चाललं रे. तू मागितलं असतंस तर घरातलं होतं नव्हतं ते दिलं असतं. पण हे माझं नव्हतंच द्यायला, आणि तू विचारलंही नाहीस. मी क्लब सोडला, वहिनींना सांगितलं की जाण्यायेण्याचा कंटाळा आला. तेव्हाही तुझंच झाकलं.

परवा कोचने सांगितलं, दुखापत लपवणारा म्हणून कुमेदावर शिक्का बसला. जपानात परतल्यावर एकाही क्लबने घेतलं नाही. खेळ सुटला. धाकट्या भावाच्या टायरच्या दुकानात बसतो. खांदा केव्हाच बरा झालाय.

दादा, भावाने तबकात ओवाळणी घालायची असते. तू उचलून नेलीस.

सोमवारी येऊ नकोस. वहिनींना काय सांगायचं ते तू बघ, या वेळी मी झाकणार नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. आमच्या गच्चीवरून चंद्र चांगला दिसतो.

उर्मिला